पाणमांजराचे तीन साक्षीदार

खेकड्याचे पाय पहिल्यांदा सापडले ते सिस्टरच्या बुटाखाली. जुन्या खाणीच्या तळ्याकाठी एक सपाट खडक होता. त्यावर थर्मास ठेवायला म्हणून ती मोठ्या झोकात गेली आणि पायाखाली काहीतरी कुरकुरलं. पाहते तो काय, तांबूस कवचांचे तुकडे, नांग्या, पायांच्या काड्या आणि शेजारीच काळपट विष्ठा, तिच्यात माशांचे खवले चमकताहेत. दुसरी कुणी असती तर नाकाला पदर लावून मागं सरली असती. सिस्टरनं थर्मास काखोटीला मारला, गुडघ्यांच्या नावानं खडे फोडत खाली वाकली आणि ओरडली, "अरे या रे सगळे! इथं कुणीतरी जेवून गेलंय!"

तेव्हापासून त्या गटाला दुसरं काही सुचेना.

गट म्हणजे तीन तरुण पोरं आणि दवाखान्यातली एक सिस्टर. सगळी विशी-पंचविशीतली, आणि सगळ्यांच्याच मनानं त्यांना एकदा दगा दिलेला. कुणाला भिंतीपलीकडचे शेजारी आपल्याविषयी कुजबुजताना ऐकू आले होते, कुणाला रस्त्यावरचे दिवे खाणाखुणा करत होते. डॉक्टर त्याला सायकोसिस म्हणत, घरचे दबक्या आवाजात 'तो आजार' म्हणत, आणि पोरं आपापसात सरळ 'बिघाड' म्हणत. आता सगळी बरी होत होती. गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांशी बोलणं चालू होतं, आणि आठवड्यातून एकदा सकाळी हे तळं होतं.

असल्या गटांविषयी लोकांच्या कल्पना मोठ्या गोड असतात. हिरवळीवर डोळे मिटून बसायचं, झाडाला मिठी मारायची, वाऱ्याशी बोलायचं. इथं तसलं काही नव्हतं. इथं चिखल होता. काम एकच: या तळ्यात कोण कोण राहतं ते शोधून काढायचं. सिस्टरला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बदक आणि पाणकोंबडी यांतला फरक तिला पोरांनीच शिकवला होता, आणि तोही ती दर वेळी नव्यानं विसरत असे. पण एक नियम तिनं पहिल्याच दिवशी घालून दिला होता आणि त्यात ती कुणाचं ऐकत नसे.

"काही दिसलं, काही ऐकू आलं, आणि आपल्यालाच शंका आली, तर मनात कुढत बसायचं नाही," ती म्हणाली होती. "मोठ्यानं विचारायचं, आहे का? बाकीच्यांनी खरं सांगायचं, आहे किंवा नाही. हसायचं नाही, आणि का विचारलंस म्हणायचं नाही. संपला विषय."

सुरुवातीला पोरं लाजली. मग सवय झाली, आणि मग तर ऊत आला. "शिटी वाजतेय, आहे का?" "आहे, खंड्या आहे तो." "जळका वास येतोय, आहे का?" "नाही बुवा." "बरं." एखाद्याच्या पोटात गुरगुरलं तरी आहे-नाहीचा कौल घेतला जाई.

या नियमाची सगळ्यांत जास्त गरज धाकटीला होती.

घरातलं शेंडेफळ म्हणून ती धाकटी, आणि गटातही तेच नाव चिकटलं होतं. आजाराआधी ती शहराच्या तरण तलावावर जीवरक्षक होती. उंच खुर्चीवर बसायचं, गळ्यात शिटी, मांडीवर बचावाचा लाल फ्लोट, आणि नजर सतत फिरती. आधी तळ, मग मधलं पाणी, मग वरची डोकी, मग पुन्हा तळ. ओल्या फरशीवर पळणाऱ्या पोरांना तिची एक शिटी पुरे होई. तिच्या नोकरीत एकाच गोष्टीला मोल होतं, ती म्हणजे नजर. आणि नेमकी तीच फिरली.

एके दुपारी तिला खोल पाण्याच्या तळाशी, जाळीपाशी, पिवळी टोपी घातलेलं एक मूल दिसलं. तिनं उडी मारली. मूल नव्हतं. ती पुन्हा बुडी मारून गेली, पुन्हा गेली. काठावरून सगळे सांगत होते की कुणी नाही, सगळी पोरं वर आहेत. ती म्हणत होती, तुम्ही लपवताय. शेवटी दोघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मुलाचा आवाज न्हाणीघराच्या नळातून येत राहिला आणि मग दवाखाना आला.

आता आवाज नव्हता. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. तलावाच्या मॅनेजरांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, जागा राखून ठेवली होती. तिथं कायम दोन खुर्च्यांवर दोन जण असत, तेव्हा सगळा भार तिच्या एकटीवर पडणार नव्हता. अडलं होतं ते धाकटीचंच. आपल्या डोळ्यांवर पुन्हा विश्वास ठेवता येईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते कुणाला विचारायची सोय नव्हती.

घरी विचारून उपयोगच नव्हता. आजारातून उठल्यापासून घरात तिला 'नाही' हा शब्दच भेटला नव्हता. एकदा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दादानं कपभर चहा घोट घोट पिऊन संपवला आणि वर "आज काय फक्कड झालाय!" म्हणाला. वहिनीनं तर आणखी अर्धा कप मागून घेतला. धाकटीनं स्वतःचा कप तोंडाला लावला तेव्हा कुठं उलगडा झाला.

"वहिनी, मीठ आहे हे!"

"असू दे गं. थोडं वेगळं लागलं, पण छान लागलं."

हे असं. फुलासारखं जपत होते बिचारे. पण सगळेच सगळ्याला 'हो' म्हणायला लागले की माणसानं टेकायचं तरी कशाला? म्हणून तिला तळ्यावरचं कोरडं 'नाही' अमृतासारखं वाटे.

तर खेकड्याचे पाय. हे कुणाचं काम, यावर गटात दोन-तीन आठवडे नुसतं रणकंदन माजलं. मास्तरचं म्हणणं, बगळा. हा पोरगा गणित शिकत होता, शिक्षण सध्या अर्ध्यावर होतं, आणि दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. पार्सल म्हणाला, उंदीर असणार, मोठ्यातला मोठा. पार्सल पूर्वी घरोघर पार्सलं पोचवायचा. अजूनही कुठं जायचं म्हटलं की तो तरातरा पुढं जाई आणि मग बाकीच्यांना न्यायला परत येई, त्यामुळे त्याचं चालणं नेहमी सगळ्यांच्या दुप्पट होई. सिस्टरचा अंदाज सर्वांत साधा होता. "कुणीतरी माणूसच असेल, डबा आणायचा कंटाळा असलेला."

"सिस्टर, आणि ती विष्ठा?" मास्तरनं विचारलं.

"म्हणून तर म्हणते, कुणाला सांगू नका."

मग मास्तरनंच वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि स्वतःचा बगळा स्वतःच्या हातानं मारला. पाणमांजर नावाचा प्राणी खेकडे खातो, मासे खातो, आणि ठरलेल्या खडकावर येऊन मुद्दाम विष्ठा टाकून जातो. ही जागा माझी, असं इतर पाणमांजरांना कळावं म्हणून.

"म्हणजे दारावरची पाटी," पार्सल म्हणाला.

"साधारणपणे," मास्तर म्हणाला. त्याच्या तोंडून एवढी कबुली म्हणजे फार झालं.

आता त्या प्राण्याला पाहायचं वेड सगळ्यांना लागलं. रोज उशिरा उठणारी पोरं उजाडायच्या आत तयार होऊन बसू लागली. खडकापासून दूर, बाभळीच्या आडोशाला ओळीनं बसायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही. पार्सलला स्वस्थ बसवणं म्हणजे बेडूक तराजूत तोलण्यासारखं होतं, पण तोही हातावर हात ठेवून बसे. ज्या पोरांना आपल्याकडे कुणीतरी टक लावून पाहतंय या भीतीनं घराबाहेर पडवत नव्हतं, ती आता स्वतःच टक लावून पाहायला शिकत होती. कुतूहल ही चीजच अशी आहे. ती शिरली की भीतीला बसायला जागा उरत नाही.

आणि एका धुकट सकाळी धाकटीला ते दिसलं.

पलीकडच्या लव्हाळ्यापाशी पाणी हललं, आणि एक चपटं, ओलं, काळसर डोकं वर आलं. मिशा दिसल्या. क्षणभर ते तिच्याकडेच पाहत राहिलं आणि आवाज न करता खाली गेलं.

"आहे का?" ती उठूनच उभी राहिली. "तिकडं, लव्हाळ्यापाशी, डोकं! पाणमांजर! आहे का?"

"आहे!" पार्सल म्हणाला.

एक क्षण गेला. "आहे," मास्तर म्हणाला.

"अगंबाई, खरंच की!" सिस्टर म्हणाली.

धाकटी मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. तिला पाणमांजर दिसल्याचा आनंद होताच, पण खरा आनंद त्याच्या खालचा होता. आपल्याला जे दिसलं ते तिघांना दिसलं. आपले डोळे शाबूत आहेत. त्या दिवशी घरी जाताना तिनं काकांना फोन केला. "काका, येत्या महिन्यापासून येते मी." रात्री जेवताना ती इतकी बोलली की वहिनी म्हणाली, "बाई गं, ते पाणमांजर आता ताटाखालून बाहेर काढ आणि घास घे."

पुढच्या आठवड्यात पाऊस होता, म्हणून गट खोलीतच बसला. दवाखान्यामागची ती लांबट खोली, खिडकीत बरण्यांतल्या गोगलगाई आणि किडे, भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं. सिस्टरला वाटलं, आता भिंतीवर पाणमांजर हवंच. तिनं कागद आणि रंगीत खडू वाटले. "ज्यानं जसं पाहिलं तसं काढायचं. एकमेकांचं बघायचं नाही हं, शाळेत करायचात तसं."

चित्रं पुरी झाली. सिस्टरनं ती टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

धाकटीच्या कागदावर लव्हाळ्यापाशी एक डोकं होतं, फक्त डोकं. मास्तरच्या कागदावर पाणमांजर तळ्याच्या मधोमध डावीकडे पोहत होतं, मागं पाण्याच्या रेषा अगदी पट्टीनं आखलेल्या. आणि पार्सलचं पाणमांजर खडकावर मागच्या पायांवर उभं राहून खेकडा खात होतं, तोंडावर हसू, आणि कान चक्क सशाचे.

धाकटीनं एकेक चित्र उचलून पाहिलं. सिस्टर काही बोलणार एवढ्यात तिनं हात वर केला.

"पार्सल, ते कुठल्या दिशेला गेलं?"

पार्सलनं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं खिडकीकडे पाहिलं.

"खरं सांग."

"मला नव्हतं दिसलं," पार्सल म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले. "तुझा चेहरा असा झाला होता ना धाकटे... नाही म्हणवेना. आणि तू तर जीवरक्षक, तुझी नजर ती काय. मला वाटलं, दिसत नाहीये तो बिघाड माझाच."

"मास्तर?"

"मी नीट पाहत होतो त्या जागेकडे," मास्तर हळू म्हणाला. "काही नव्हतं. निदान मला तरी नव्हतं. पण तुम्ही दोघं आहे म्हणालात. दोन विरुद्ध एक. आणि माझ्या एकाचा भरवसा मला स्वतःलाच नाही."

"सिस्टर?"

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "मी थर्मासचं झाकण शोधत होते गं. तुम्ही तिघं म्हणालात म्हणून मी आपलं मम म्हटलं. नियम मी केला आणि मीच मोडला."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. या पोरांचं त्याच्याही पुढं गेलं होतं. एकदा नसलेलं दिसलं, म्हणून आता नसलेलं दिसलं नाही, यावरही त्यांचा विश्वास बसत नव्हता. अशी चूक करायला आधी तसं पोळावं लागतं.

पण धाकटीला त्या क्षणी हे शहाणपण कुठून सुचणार? ती भडकली. "घरी सगळे हो म्हणतात. तुम्हीसुद्धा? मी कामावर जाणार होते! तिथं पाण्यात माणसं असतात!" आणि ती त्या पावसात तशीच बाहेर पडली. मागून पार्सल धावला, मास्तर धावला, आणि छत्री घेऊन सिस्टर गुडघे सावरत निघाली.

धाकटी तळ्यावर गेली होती. खडकाच्या खालच्या बाजूला ती चिखलात वाकून शोधत होती, आणि तिला हवं ते सापडलंही. ओल्या मातीत ताजे ठसे होते, पाच बोटांचे, बोटांच्या मध्ये पडदा उमटलेला. मास्तरच्या पुस्तकात होते तसेच, तंतोतंत.

"हे बघा!" ती ओरडली. "आहे! पाणमांजर आहे!"

"आहे," मास्तर म्हणाला. आणि या वेळी सगळ्यांनी वाकून, बोट लावून, खात्री करून घेतली. पार्सलला इतका आनंद झाला की तो चिखलातच बसला.

"म्हणजे मी पाहिलं ते खरं होतं."

मास्तर पावसात उभा राहिला. चष्म्यावरून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलं नाही. "नाही," तो म्हणाला. "म्हणजे, माहीत नाही. पाणमांजर इथं राहतं, हे पक्कं. म्हणून त्या सकाळी लव्हाळ्यापाशी तेच होतं, असं होत नाही. असेलही. नसेलही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही." मग तो धाकटीकडे वळला. "खरं सांगायचं ते त्या दिवशी सांगायला हवं होतं. सॉरी."

धाकटी तशीच, चिखलाच्या पायांनी, तरण तलावावर गेली.

काका पंपाच्या खोलीत होते. काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकत होते आणि रंग कसा येतो ते उजेडात धरून पाहत होते. तिच्याकडे वळून न बघताच म्हणाले, "क्लोरीन कमी पडलंय. पावसाची कमाल. आणि तू एवढी भिजून कुठून आलीस?"

"काका, मी येणार नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या." आणि तिनं सगळं सांगितलं. पाणमांजर, तीन साक्षीदार, तीन चित्रं. "मला दिसतं ते आहे की नाही, हे मलाच कळत नाही. अशी माणसं खुर्चीवर बसवतात का?"

काकांनी नळी स्टँडला लावली. बाही वर करून हात पुढं केला. मनगटाच्या वर दातांची अर्धगोल खूण होती, पांढरी पडलेली. धाकटीनं मान खाली घातली. ते तिचेच दात होते. त्या दुपारी पाण्यातून ओढून काढताना उमटलेले.

"खाली काय बघतेस, इकडं बघ. हे कशाबद्दल मिळालं मला?"

"मी नसलेल्या मुलासाठी उडी मारली म्हणून."

"चूक," काका म्हणाले. "नसलेल्या मुलासाठी मीसुद्धा उडी मारलीय. टोपीसाठी मारलीय, टॉवेलसाठी मारलीय, एकदा तर नुसत्या ढगाच्या सावलीसाठी, बुटासकट. या धंद्यात शंका आली की उडी. विचारत बसला तो जीवरक्षक कसला? दहातल्या कितीतरी उड्या रिकाम्याच जातात, आणि जाव्यातच. उडी चुकली नव्हती तुझी."

"मग?"

"आम्ही वरून कंठशोष करत होतो, कुणी नाही, वर ये. तू वर आली नाहीस. आजार तिथं होता पोरी. उडीत नव्हता." काकांनी बाही खाली केली. "तेव्हा डोळ्यांची परीक्षा घेत बसू नकोस. डोळे सगळ्यांचेच फसतात. कुणी 'नाही' म्हटलं, तर वर येता येतंय का, तेवढं बघ. आलं तर मला कळव. नाही आलं तरी कळव."

धाकटी घरी आली. वहिनीनं टॉवेल दिला आणि तिनं काही विचारायच्या आतच धाकटी म्हणाली, "वहिनी, मला कधीतरी नाही म्हणत जा गं."

"नाही म्हणणार," वहिनी म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

पुढच्या खेपेला तळ्यावर बाभळीपाशी पोचल्यावर सिस्टरनं थर्मास लांब एका दगडावर ठेवून दिला, झाकणासकट. "नियमात दुरुस्ती," ती म्हणाली. "विचारणाऱ्यानं काय दिसलं आणि कुठं दिसलं ते सांगायचं नाही. नुसतं विचारायचं. आणि बाकीच्यांनी मी सांगितल्यावर एकदमच बोलायचं. कुणी कुणामागून नाही."

"एकाच वेळी," मास्तरनं दुरुस्त केलं.

"तेच ते."

सगळे ओळीनं बसले. ऊन वर यायचं होतं. तळ्यावर एक पाणकोंबडी आपल्या पिल्लांना घेऊन कडेकडेनं चालली होती. खडकावर ताज्या नांग्या होत्या, म्हणजे मालक जवळपासच होता. धाकटीची नजर सवयीनं फिरत होती. तळ काही दिसत नव्हता, म्हणून काठ, लव्हाळी, मधलं पाणी, पुन्हा काठ.

पलीकडे पडलेल्या ओंडक्यापाशी तिला डोकं दिसलं. चपटं, काळसर, ओलं. ते तिथंच होतं, हलत नव्हतं, आणि तिच्याकडे पाहत होतं.

तिनं श्वास घेतला. काय ते नाही, कुठं ते नाही. "आहे का?"

सगळ्यांच्या नजरा तळ्यावरून फिरल्या. घाई कुणी केली नाही. पार्सलनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, पुढं झुकून तिसऱ्यांदा पाहिलं. त्याचा हात गवत उपटायला लागला होता. त्याला कळत होतं की धाकटीचा जीव या एका उत्तरात अडकलाय.

"बोला," सिस्टर म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाला. "नाही गं," सिस्टर म्हणाली. आणि त्यांच्याबरोबरच, त्यांच्याहूनही मोठ्यानं, जवळजवळ ओरडूनच, पार्सल म्हणाला, "नाही! मला काहीसुद्धा दिसत नाहीये!"

पाणकोंबडी फडफडून लव्हाळ्यात शिरली.

ते डोकं धाकटीला अजून दिसत होतं. तिचे पाय ताठ झाले. उठावं, पाण्याच्या कडेनं धावत जावं, त्या ओंडक्यापाशी हात घालून पाहावं, या तिघांना दाखवावं की हे बघा, हे काय आहे. सगळं अंग तिकडं ओढत होतं. त्या दुपारीही अंग असंच ओढत होतं, खाली, जाळीकडे. तिनं शेजारी पाहिलं. पार्सलचा चेहरा पांढराफटक पडला होता. मास्तर ओठ चावत होता. सिस्टर डोळे न हलवता तिच्याकडे पाहत होती. तिघंही घाबरली होती, आणि तरी एकानंही शब्द मागं घेतला नाही. यांनी खोटं बोलून तिला सुख दिलं होतं. आता खरं बोलून ते जे देत होते, ते त्यांना जास्त जड जात होतं. ते तिला दिसलं, आणि त्याबद्दल मात्र तिला तिळभरही शंका आली नाही.

"बरं," ती म्हणाली.

आणि ती बसून राहिली. ओंडक्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही असं नाही, पाहिलं. ऊन वर आलं तेव्हा तिथं सावली होती, की फांदीचं थोटूक होतं, की काहीच नव्हतं, हे ती पाहत राहिली असती तर कळलंही असतं. पण तिला आता त्याची तेवढी घाई उरली नव्हती.

"राग आला?" पार्सलनं हळूच विचारलं.

"नाही रे. तू नाही म्हणालास ना, म्हणून मला बसता आलं."

पार्सलनं हुश्श केलं आणि उपटलेलं सगळं गवत मास्तरच्या मांडीवर टाकलं. मास्तरनं ते एकेक काडी करत झटकलं. धाकटी थोडी बाजूला गेली आणि तिनं फोन लावला. पलीकडे पोरांचा गलका, पाण्याचा आवाज, कुणाच्या तरी अनवाणी पावलांचे फटके.

"काका, मी येते. शंका आली की उडी मारणार. रिकामी गेली तरी मारणार."

"ते माहितीये. पुढं बोल."

"तुम्ही वरून 'कुणी नाही' म्हणालात, की वर येणार."

काकांनी आधी फरशीवर पळणाऱ्या कुणाला तरी दटावलं.

"खुर्ची पुसून ठेवतो," ते म्हणाले.